तळ्यातली मुदत ठेव

वाईनशी माझा संबंध म्हणाल, तर आमच्या सौ.नी बाळंतपणानंतर घेतलेल्या द्राक्षासवाचं बूच घट्ट लावण्यापुरता. अशा माणसानं अमेरिकेतल्या द्राक्षमळ्यांच्या इतिहासावर बोलावं, म्हणजे कॅशियरनं कथ्थकवर बोलण्यासारखं आहे. पण तिथली एक हकीगत वाचली आणि मला ती आमच्याच खात्यातली वाटली.

न्यूयॉर्क राज्यात, शहरापासून दूर, हिमनद्यांनी खरवडून काढलेली लांबट तळी आहेत. हाताच्या बोटांसारखी दिसतात म्हणून नाव 'फिंगर लेक्स'. बोटं मात्र अकरा! नाव ठेवणारा बँकेत असता तर टॅली लागेपर्यंत घरी गेला नसता.

यातलं सेनेका तळं ६०० फुटांहून खोल. एवढं पाणी तापायला वेळ लागतो, तसा निवायलाही. उन्हाळाभर ते ऊब जमा करतं आणि थंडीत काठच्या उतारांना थोडी थोडी परत देतं. सरळ मुदत ठेव! वसंतात उलटा प्रकार. पाणी गारच असतं, त्यामुळे वेलींचे डोळे उशिरा फुटतात, आणि तोवर शेवटचं हिम पडून गेलेलं असतं. 'उद्या या' म्हणण्यात लोककल्याण असतं, हे मी काउंटरवरून बावीस वर्षं सांगतोय!

१८२९ साली हॅमंड्सपोर्ट गावी विल्यम बॉस्टविक या पाद्र्यानं वेली लावल्या. पुढे धंदा वाढला, पण मुख्यतः अमेरिकन जातींच्या द्राक्षांवर. रीस्लिंग, शार्डोने ही युरोपची खानदानी मंडळी इथल्या थंडीत मरतात, असा तज्ज्ञांचा शेरा होता. आणि फाइलवरचा शेरा हिमनदीपेक्षाही हळू हलतो.

१९५१ साली युक्रेनचे डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक अमेरिकेत आले. वय बावन्न. थंड मुलखातल्या द्राक्षांवर डॉक्टरेट. पण इंग्रजी येईना, म्हणून न्यूयॉर्कात बशा धुतल्या. मग जिनीव्हा गावच्या कृषी संशोधन केंद्रात लागले, तर हाती आलं खुरपं! दोष थंडीचा नाही, चुकीच्या खुंटावर कलम केल्याचा आहे, असं ते सांगत राहिले. ऐकलं एकानंच. 'गोल्ड सील' या वाईन कंपनीचे फ्रेंच प्रमुख शार्ल फूर्निये यांनी १९५३ साली त्यांना नोकरी दिली. दोघांनी काटक खुंट शोधत कॅनडाच्या क्वेबेकमधला एक मठ गाठला आणि तिथल्या खुंटावर कलमं बांधली. फेब्रुवारी १९५७ मध्ये पारा शून्याखाली २५ फॅरनहाइटवर उतरला. कित्येक जुन्या देशी वेलींनी मान टाकली, फ्रँकसाहेबांच्या तगल्या. १९६२ साली त्यांनी केउका तळ्याकाठी स्वतःची वायनरी काढली. आज या मुलखाची ओळखच रीस्लिंगवरून होते.

हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही. प्रमोशनच्या मुलाखतीत मी दोनदा इंग्रजीतच गारठलो आहे, आणि 'आता या वयात कशाला?' हा माझ्या फाइलवरचा शेरा मी स्वतःच मारला आहे. सेहेचाळीस म्हणजे बावन्नाला अजून सहा वर्षं! सकाळी उठून तिसऱ्यांदा अर्ज लिहिला आणि मुख्य कचेरीत नेऊन दिला. तिथल्या कारकुनानं मानसुद्धा वर न करता सांगितलं, "उद्या या."

मी निमूट परत आलो. हिम पडून जाऊ दे म्हटलं.