शांपेनचा फेस, शेतकऱ्याची बाटली

वाइनला फेस येणे हा फ्रान्सच्या शांपेन प्रांतात एके काळी दोष मानला जात असे. प्रांत उत्तरेकडचा आणि थंड. शरद ऋतूत द्राक्षे खुडून रस आंबायला ठेवला की कडाक्याच्या थंडीने किण्व मध्येच निपचित पडे, वसंतात ऊब मिळताच पुन्हा जागे होई आणि कोंडलेल्या वायूने बाटल्या फुटत. ओव्हिलेरच्या मठात १६६८ ते १७१५ या काळात तळघराचा कारभार पाहणारे दों पेरिन्यों यांच्या नावावर या वाइनचा शोध घातला जातो, पण त्यांची बरीच खटपट फेस टाळण्यासाठीच होती. त्यांच्या नेमणुकीच्याही आधी, डिसेंबर १६६२मध्ये, ख्रिस्टोफर मेरेट या इंग्रज वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. व्यापारी वाइनमध्ये साखर आणि काकवी घालून तिला मुद्दाम फेसाळ करतात, अशी नोंद त्यात आहे. इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या भट्टीत घडवलेली काच जाड आणि मजबूत निघे, त्यामुळे तिथल्या बाटल्या हा दाब सोसत. मेरेटचे नाव पुढे विसरले गेले आणि लोकांच्या मनात संन्याशाची गोष्ट राहिली.

तिथून आपण अठराव्या शतकात आलो की सूत्रे व्यापाऱ्यांच्या हाती गेलेली दिसतात. १७२८च्या राजाज्ञेने शांपेनची वाइन पिंपांऐवजी बाटल्यांतून नेण्याची मुभा मिळाली आणि पुढच्याच वर्षी र्‍युइनार ही पेढी उभी राहिली. १८०५मध्ये विधवा झालेल्या मादाम क्लिको यांनी नवऱ्याचा व्यवसाय नेटाने चालवला. त्यांच्या तळघरात १८१६च्या सुमारास भोके पाडलेल्या फळीवर बाटल्या उलट्या खोचून रोज थोड्या थोड्या फिरवण्याची युक्ती रुजली. बाटलीतल्या दुसऱ्या किण्वनाचा गाळ त्यामुळे हळूहळू बुचाशी जमतो आणि बूच उघडताच बाहेर फेकला जातो. १८३६मध्ये झां-बाप्तिस्त फ्रांस्वा या औषधविक्रेत्याने साखर मोजून घालण्याचे गणित बसवले आणि फुटणाऱ्या बाटल्यांचे प्रमाण उतरले. ही प्रगती खरी, पण तिच्यात द्राक्ष पिकवणारा कुठेच नाही. तो वजनावर माल विकी आणि बाटलीवर नाव पेढीचे लागे.

याचा स्फोट १९११मध्ये झाला. पेढ्या बाहेरच्या प्रांतांतून स्वस्त द्राक्षे आणून तीच शांपेन म्हणून विकतात, या रागाने मार्न भागातले शेतकरी रस्त्यावर आले. त्यांनी पेढ्यांची तळघरे फोडली, पिंपे ओतून दिली, सरकारला सैन्य पाठवावे लागले. त्याच वेळी दक्षिणेकडच्या ओब भागातले शेतकरी उलट्या कारणाने चिडले होते, कारण सीमा आखताना त्यांनाच शांपेनच्या बाहेर ठेवले होते. पूर्ण हक्क मिळायला त्यांना १९२७चा कायदा होईपर्यंत थांबावे लागले. या ओबमध्येच कुर्तरों नावाचे खेडे आहे आणि तिथे फ्लरी घराण्याचा १८९५पासूनचा मळा आहे. मंदीच्या तडाख्यात, १९२९मध्ये, द्राक्षांना गिऱ्हाईक मिळेना तेव्हा रोबेर फ्लरी यांनी स्वतःच्या मालाची वाइन स्वतःच बाटलीत भरली. या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण मला हेच वाटते. क्लिकोच्या फळीने वाइन नितळ केली खरी, पण १९२९च्या त्या बाटलीवर शेतकऱ्याचे नाव आले.

१९८९मध्ये याच घराण्यातले झां-पिएर फ्लरी जैवगतिक शेतीकडे वळले. शांपेनमध्ये ते पहिले. या शेतीचा उगम शोधताना आपल्याला जून १९२४मध्ये, कोबरविट्झच्या जहागिरीवर जावे लागते. हे गाव तेव्हा जर्मनीत होते, आज पोलंडमध्ये आहे. रासायनिक खतांनी जमीन मरगळली, या शेतकऱ्यांच्या तक्रारीवर ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टायनर यांनी तिथे आठ व्याख्याने दिली. व्यालेल्या गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे, वसंतात काढून त्यातले चिमूटभर घेऊन पाण्यात तासभर घुसळायचे आणि शिंपडायचे, हा त्यांचा गाजलेला प्रयोग. चंद्र-नक्षत्रांचे जे गणित त्यांनी त्याला जोडले, त्याला शास्त्राचा आधार मिळालेला नाही आणि तो आहे असे मी म्हणणार नाही. पण रसायने सोडलेला, शेणखतावर पोसलेला आणि रोज पायाखाली घातलेला मळा वेगळा पिकतो, हे कुणाही बागायतदाराला पटेल. श्टायनर बोलत होते त्याच वर्षी आपल्याकडे इंदूरला इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांची संशोधन संस्था सुरू झाली. तिथले कंपोस्ट भारतीय शेतकऱ्यांच्या शेण-पाचोळ्यातून घडले आणि जगभर गेले. १९९३मध्ये न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर शिंगखताची विद्या घेऊन भारतात आले तेही टी. जी. के. मेनन यांच्याकडे, इंदूरलाच.

आता आपण घराकडे वळू. दख्खनला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्ष-डाळिंबांची वाखाणणी केली आहे. हे दौलताबाद १४९९मध्ये निजामशाहीत आले. त्या निजामशाहीचा संस्थापक अहमद याचे पहिले ठाणे जुन्नर. तिथून येऊन त्याने १४९०मध्ये भिंगारजवळ बहमनी फौज मोडली आणि पुढे तिथेच अहमदनगर वसवले, आजचे अहिल्यानगर. जुन्नर-नगर हा धागा पाचशे वर्षांनी द्राक्षाने पुन्हा जोडला. नगरहून कल्याणला जाणारा रस्ता टाकळी ढोकेश्वर ओलांडून आळेफाट्याला लागतो, तिथून दक्षिणेला थोड्या अंतरावर जुन्नर तालुक्यातलेच नारायणगाव. १९८०च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी तिथे पीपर-हाइडसिक या शांपेनच्या पेढीचे तंत्रसाहाय्य घेऊन फेसाळ वाइन काढली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावाने गेली, देशात ‘मार्कीज द पाँपादूर’ नावाने. दुसरे किण्वन बाटलीतच, अगदी शांपेनच्या रिवाजाने. वेल मात्र इथल्या हवामानाचा. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो आणि छाटणी एकदाच होते. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, अशा दोन छाटण्यांनी त्याला वळण लावावे लागते. फेसाळ वाइनला आंबटपणा हवा, म्हणून माल पुरता गोड होण्याआधीच खुडावा लागतो. हे सारे नारायणगावने शिकून घेतले आणि जगाला करून दाखवले. परदेशी कंपन्या विकत घेण्याच्या धडाक्यात चौगुलेंची कंपनी २०१०च्या आसपास कर्जाखाली कोसळली, याची हळहळ वाटते. तोवर नाशिकला राजीव सामंतांची सुला ही वाइनरी उभी होती. २०१३मध्ये दिंडोरीहून शांदों या फ्रेंच नाममुद्रेची फेसाळ वाइनही बाजारात आली.

या वाटचालीत आपल्याकडे पेढी आधी आली आणि रोबेर फ्लरी आलाच नाही. वाइनची द्राक्षे पिकवणारे बहुतेक जण करार करून वजनावरच माल घालतात. हे नगर जिल्ह्याच्या शेजारी घडावे, हे विशेष बोचते. पिकवणाऱ्यानेच प्रक्रियेचा मालक व्हावे, हा धडा याच जिल्ह्याने देशाला घालून दिला होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला. उसाला जे मिळाले ते वाइनच्या द्राक्षाला मिळाले नाही. २००१च्या राज्याच्या वाइन धोरणाने कर उतरवले, त्याचा लाभ मुख्यतः भांडवल असलेल्यांना झाला. २७ जानेवारी २०२२ला मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले आणि कारण द्राक्ष उत्पादकाच्या हिताचे दिले. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि लोकांच्या हरकती मागवण्याच्या आश्वासनावर ते स्थगित केले. व्यसनाने घरे बुडतात, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. त्या वादात वाइन विकावी कुठे यावरच सारे बोलले, ती काढावी कुणी हा प्रश्न निघालाच नाही.

तो प्रश्न पैशाइतकाच काळाचा आहे. शांपेनच्या नियमाने बाटली निदान पंधरा महिने तळघरात राहते, फ्लरींसारखे लोक त्याहून कितीतरी अधिक थांबतात. पारनेरच्या किंवा जुन्नरच्या एखाद्या बागायतदाराने जानेवारीत खुडलेला माल बाटलीत भरला, तर तो विकण्याजोगा होईपर्यंत त्याच्या बागेत पुढच्या दोन छाटण्यांचा खर्च होऊन गेलेला असेल. सोसायटीचे पीककर्ज मात्र त्याला वर्षाच्या आत फेडावे लागते.