उलट बाजूचा डोळा : पक्षाघाताचे मूळ मेंदूबाहेर कसे सापडले?

सन १९५० च्या सुमाराची गोष्ट. कॅनडातील माँट्रियल शहरात, माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात चार्ल्स मिलर फिशर नावाचे मज्जाविकारतज्ज्ञ काम करीत होते. अर्धांगवायू झालेल्या एका रुग्णाने त्यांना एक चमत्कारिक हकिगत सांगितली. झटका येण्याआधी त्याच्या एका डोळ्यापुढे अधूनमधून अंधार दाटून येई आणि थोड्याच वेळात दृष्टी पूर्ववत होई. अडचण अशी, की त्याची लुळी पडलेली बाजू डावी होती आणि अंधारणारा डोळा मात्र उजवा होता.

मेंदूचा उजवा भाग शरीराच्या डाव्या बाजूवर सत्ता चालवतो, हे त्या काळी वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक होते. दोष केवळ मेंदूत असता, तर दृष्टीही डावीकडचीच अधू व्हायला हवी होती. रुग्णाच्या सांगण्यात काही गफलत झाली असावी, असे म्हणून विषय तिथेच मिटवणे सोपे होते. फिशर यांनी ते केले नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे जहाज बुडाले होते आणि जर्मनांच्या युद्धकैदेत त्यांची तीनहून अधिक वर्षे गेली होती. वैद्यकाकडे उशिराने परतलेला हा माणूस रुग्णाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेण्यासाठी ओळखला जाई.

या कोड्याचे उत्तर मानेत होते. मानेच्या दोन्ही बाजूंनी कॅरोटिड धमन्या वर चढतात. जबड्याच्या कोनाजवळ प्रत्येक धमनीला दोन फाटे फुटतात आणि त्यातला आतला फाटा मेंदूकडे जातो. वाटेत त्याचीच एक शाखा त्याच बाजूच्या डोळ्याला रक्त पुरवते. उजवी धमनी अरुंद झाली, की उजवा डोळा अंधारतो आणि उजव्या मेंदूचे रक्त तुटल्यामुळे डावे अंग लुळे पडते. दोन अवयवांची दुखणी एकाच वाहिनीतून निघालेली असतात.

मग हे आधी कोणाच्या ध्यानात कसे आले नाही? खरे तर आले होते. श्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर यांनी १६५८ च्या आपल्या ग्रंथात पक्षाघाताचा संबंध मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी जोडला होता. परंतु शवविच्छेदनात मेंदू आणि हृदय तपासले जाई, मान मात्र बहुधा तशीच सोडली जाई. पाश्चात्त्य देशांत शव टिकवण्यासाठी रसायन भरले जाते ते याच धमन्यांतून, त्यामुळे त्या कापलेल्या अंत्यविधी-व्यावसायिकांना चालत नसत. मृत्यूचे कारण ज्या जागी दडले होते, नेमकी तीच जागा व्यवहाराच्या सोयीसाठी झाकलेली राहिली. फिशर यांनी ती उघडली आणि धमन्या बंद झालेल्या त्यांना आढळल्या. त्यांचा निबंध १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेने ही अडलेली वाट एक दिवस मोकळी करता येईल, असे भाकीतही त्यांनी त्यात केले होते.

शवातला शोध शवापुरताच राहतो. जिवंत माणसाच्या मानेत डोकावण्याची विद्या मात्र तोवर पोर्तुगालमध्ये जन्मली होती. लिस्बनचे एगास मोनिझ हे वैद्यही होते आणि राजकारणीही. काही काळ ते देशाचे परराष्ट्रमंत्री होते. क्ष-किरणांत हाडे दिसतात, मेंदू दिसत नाही. म्हणून धमनीत क्ष-किरण अडवणारे द्रव्य सोडावे आणि रक्तवाहिन्यांचे चित्र घ्यावे, अशी त्यांची कल्पना होती. वाहिन्या कुठे बाजूला ढकलल्या गेल्या आहेत यावरून गाठीचा ठाव लागणार होता. संधिरोगाने मोनिझ यांचे हात अधू झाले होते, त्यामुळे सुई अल्मेदा लिमा चालवीत. स्ट्रॉन्शियम ब्रोमाइडच्या प्रयोगांत एक रुग्ण दगावला. पुढे २५ टक्के सोडियम आयोडाइड वापरून २८ जून १९२७ रोजी जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्यांचे स्वच्छ चित्र उमटले. मानेतच बंद पडलेल्या कॅरोटिड धमनीची चित्रेही याच चमूने १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. (मोनिझ यांना १९४९ चे नोबेल मिळाले ते या कामासाठी नव्हे. ते मिळाले मेंदूचा भाग छेदण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, जी पुढे बदनाम झाली.)

या चित्रांची किंमत मात्र भलत्याच अवयवाने मोजली. आयोडाइडमुळे रुग्णाला त्रास होई. म्हणून १९३१ पासून मोनिझ थोरोट्रास्ट वापरू लागले. ते होते थोरियम डायऑक्साइडचे द्रावण. चित्र सुरेख येई आणि रुग्णाला काही जाणवतही नसे. परंतु थोरियम किरणोत्सारी आहे आणि शरीर ते जवळजवळ बाहेर टाकतच नाही. मेंदू पाहण्यासाठी मानेत टोचलेले द्रव्य यकृतात व प्लीहेत जाऊन बसले आणि तिथेच वर्षानुवर्षे किरण सोडीत राहिले. यकृताच्या दुर्मीळ कर्करोगाशी त्याचा संबंध दाखवणारी नोंद १९४७ मध्ये झाली. जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल आणि जपान या देशांत अशा रुग्णांचा अनेक दशके मागोवा घेण्यात आला, तेव्हा यकृताच्या कर्करोगाचे भयावह प्रमाण उघड झाले. या माणसांचा साधा क्ष-किरण फोटो काढला तरी यकृत आणि प्लीहा पांढरी उठून दिसत. टोचणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, हे खरे. मात्र धोक्याचे इशारे तिसाव्या दशकातच दिले गेले होते आणि तरीही वापर पन्नाशीपर्यंत चालू राहिला, हेही तितकेच खरे.

फिशर यांचे भाकीत खरे ठरायला फार काळ लागला नाही. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात एका स्त्रीला असे तात्पुरते ३३ झटके येऊन गेले होते. चित्रात तिच्या डाव्या कॅरोटिडचा फाटा अरुंद झालेला दिसला. १९ मे १९५४ रोजी ईस्टकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फाच्या साहाय्याने तिचे शरीर २८ अंशांपर्यंत थंड केले, धमनीचा तेवढा तुकडा काढला आणि टोके जोडली. तिचे झटके थांबले. अमेरिकेत डिबेकी यांनी आदल्याच वर्षी धमनी आतून खरवडून साफ केली होती.

पुढे मात्र उत्साहाच्या भरात अशा शस्त्रक्रियांचा सुकाळ झाला. त्यांतून खरोखर कोणाला लाभ होतो, याचा निवाडा व्हायला १९९१ उजाडले. उत्तर अमेरिकेतील मोठ्या चाचणीत धमनी किती अरुंद आहे हे चित्रावर मोजून रुग्ण निवडले गेले. ७० ते ९९ टक्के अरुंद धमनी असलेल्यांपैकी केवळ औषधांवर ठेवलेल्या २६ टक्के रुग्णांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते.

आज मानेची पहिली तपासणी सहसा सोनोग्राफीने होते. तिला सुई लागत नाही, द्रव्यही लागत नाही. ब्रिटनमध्ये यूके बायोबँकेने २०१४ पासून स्वयंसेवकांचे मेंदू, हृदय आणि पोट यांचे एमआरआय, तसेच कॅरोटिड धमन्यांची सोनोग्राफी एकाच भेटीत करण्यास आरंभ केला. उद्दिष्ट १ लाख माणसांचे होते. हृदयाच्या रचनेतील कोणता बदल मेंदूतील कोणत्या बदलाबरोबर आढळतो, हे त्या चित्रांतून शोधले जात आहे. फिशर २०१२ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी वारले. त्याच्या दोनच वर्षांनी हे काम सुरू झाले.