तृणांतील व्हायरसांची ओळख

तृणकुलातील धान्ये, ऊस व रानगवते यांवरील व्हायरस आता मुख्यत्वे त्यांच्या न्यूक्लिइक अम्लातील एककांच्या क्रमावरून ओळखले जातात. पूर्वी व्हायरसाला नाव मिळे ते पानावरील लक्षणांवरून, आणि लक्षणे फसवी असतात. ‘केवडा’ हे एकच नाव शेतकरी ज्वारीवरील कवकसदृश जीवाच्या रोगाला व भेंडीवरील व्हायरसजन्य रोगाला देतात. शास्त्रज्ञांची स्थिती फार निराळी नव्हती. उसावरील मोझॅइक रोगाची भारतातील नोंद जे. एफ. दस्तूर यांनी पुसा (बिहार) येथून १९२३ मध्ये केली. पुढे मका, ज्वारी, जॉन्सन गवत यांवर तशीच फिकी, चट्टेदार पाने दिसली की, ती बहुधा याच व्हायरसाच्या प्रकारांत जमा होत. डी. डी. शुक्ल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये आवरण-प्रथिनाच्या टोकाविरुद्धचे प्रतिपिंड वापरून दाखविले की, या समूहात चार स्वतंत्र जाती आहेत. प्रथिनाच्या क्रमानेही तेच सांगितले. रोगप्रतिकारक वाण निपजविणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद केवळ नावाचा नव्हे.

सुमारे २००९ पासून पानातील सर्व आरएनए एकत्र वाचण्याची रीत आली. आरएनएवरून डीएनए प्रती करून त्यांचे असंख्य तुकडे वाचतात, वनस्पतीचे स्वतःचे क्रम वगळतात व उरलेले तुकडे जुळवितात. काय शोधायचे हे आधी ठाऊक असावे लागत नाही. त्यामुळे निरोगी दिसणाऱ्या गवतातही नवे व्हायरस आढळतात. मात्र क्रम सापडला म्हणजे रोगाचे कारण सिद्ध झाले असे नव्हे.

या पद्धतींमुळे जुन्या वनस्पतिसंग्रहांना अनपेक्षित मोल आले आहे. बार्लीवरील पीत खुजा रोगाचे वर्णन कॅलिफोर्नियात १९५१ मध्ये झाले. परंतु कॅरोलिन माल्मस्ट्रॉम व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तेथील १९१७ च्या सुकविलेल्या गवतातून त्याच गटाच्या व्हायरसाचे आरएनए मिळविले. रोगाला नाव मिळण्याच्या चौतीस वर्षे आधी व्हायरस गवतात होता.

पश्चिम भारतापुरता असा ठेवा मुंबईत धोबी तलावाजवळील सेंट झेव्हियर महाविद्यालयाच्या ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात आहे. एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) हे स्विस जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ या महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. त्यांनी चार्ल्स मॅक्‌कॅन यांच्यासह लिहिलेला मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ ब्लॅटर यांच्या निधनानंतर १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे आर. के. भिडे यांची आहेत. नमुन्यावर स्थळ व तारीख असणे ही वर्गीकरणकारांची साधी शिस्त. व्हायरसाच्या इतिहासाला नेमके तेच लागते. अडचण अशी की, अशा पत्रांतील आरएनए काळाच्या ओघात तुटत जाते, आणि परीक्षणासाठी पानाचा तुकडा कापावाच लागतो. जातीचे मूळ प्ररूप ठरलेल्या पत्राला म्हणून सहसा हात लावीत नाहीत. दुय्यम प्रतींवर काम भागवितात.