मागच्या बाकावरचा हुशार मुलगा

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते, हे जळगावकडचे शाळकरी पोरही सांगेल. सोपानदेवांनी आईच्या कविता जपल्या, म्हणून १९५२ साली त्या पुस्तकरूपाने आल्या. पण बहिणाबाईंच्या वाट्याला शाळाच आली नव्हती. मी आज बोलतोय ते शाळेत येऊनही ज्यांना अक्षर लागत नाही, त्या मुलांविषयी.

आमच्या वर्गात असा एक होता. कविता एकदा ऐकली की पाठ. पुस्तक हाती दिले की घामाघूम. गुरुजी छडी उगारत, आम्ही हसत. मीही हसलो आहे. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही. गुरुजींना तरी काय बोल लावायचा? त्यांनाही कुणी काही सांगितले नव्हते.

खरे तर सांगणारा फार आधी सांगून गेला होता. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात चौदा वर्षांच्या पर्सीची हकिकत छापली. मुलगा चलाख, नजर उत्तम, अंक बिनचूक वाचणारा. शब्द मात्र वाचता येईनात. स्वतःचे नावही त्याने ‘प्रेसी’ असे लिहिले. सगळे शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते.

बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ साली, महाराष्ट्र सरकारने अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, बीजगणित-भूमितीऐवजी सोपे गणित. ज्यांनी निर्णय घेतला त्यांना दुवा द्यावा. पण तेव्हा तपासणीची सोय प्रामुख्याने मुंबईत, शीवच्या टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी होती. शिरपूर-साक्रीच्या बापाला हे कळणार कधी होते आणि तो जाणार कसा होता?

आपल्याकडे गुंता आणखी वेगळा आहे. मराठीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, उच्चार मात्र नंतर. ‘र’ कधी डोक्यावर, कधी पायाशी. घ-ध, भ-म जुळे भाऊच. उर्दू शाळेत बे, पे, ते यांचा फरक नुसत्या नुक्त्यांचा, शिवाय जेर-जबर बहुधा लिहितच नाहीत. त्यात धुळ्याकडचे पोर घरी ‘मना’, ‘तुना’ म्हणते आणि वहीत ‘माझा’, ‘तुझा’ लिहायचे असते. अहिराणी बोलणे हा दोष नव्हे. पण दोष नसलेल्याला मंद ठरवणे आणि खरी अडचण असलेल्याला ‘घरची भाषा आहे, येईल हळूहळू’ म्हणून सोडून देणे, या दोन्ही चुका आपण करत आलो. म्हणून मुलाची तपासणी त्याच्या शिकण्याच्या भाषेत व्हावी लागते. ‘डाली’ नावाच्या चाचण्या २०१५ साली हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आल्या. त्या पहिल्या चारांत उर्दू नव्हती.

वर्गात करण्यासारखे बरेच आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. अक्षर वाळूत गिरवावे, गिरवताना मोठ्याने म्हणावे. शब्द तोडून टाळ्या वाजवाव्यात. प्रश्न वाचून दाखवावा, उत्तर तोंडी घ्यावे. आणि चाळीस मुलांसमोर त्याला उभे करून धडा वाचायला लावू नये.

१९९५च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत ही अडचण नव्हती. २०१६च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ती आली. पण प्रमाणपत्राची आठवण अनेक घरांत दहावीचा फॉर्म भरतानाच होते. पोर तिसरीपासून अडखळत असते.