लँबर्ट, जॉन

(१६१९ – मार्च १६८४). इंग्रज सेनानी व राजकारणी. यॉर्कशरमधील कॅल्टन येथे जमीनदार घराण्यात जन्म. १६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली, तेव्हा तो टॉमस फेअरफॅक्सच्या हाताखाली पार्लमेंटच्या बाजूने लढला. मार्स्टन मूर (१६४४), प्रेस्टन (१६४८) आणि डनबार (१६५०) येथील लढायांनी त्याचे नाव झाले. १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला त्या वेळी तो उत्तरेत पाँटिफ्रॅक्टच्या वेढ्यात गुंतला होता. मृत्युदंडाच्या हुकुमावर त्याची सही नव्हती, हे पुढे त्याच्या पथ्यावर पडले.

लँबर्टचे खरे महत्त्व मात्र रणांगणाबाहेरचे. डिसेंबर १६५३ मध्ये अमलात आलेली ‘इन्स्ट्रुमेंट ऑफ गव्हर्नमेंट’ ही ४२ कलमांची राज्यघटना, इंग्लंडची पहिली लिखित राज्यघटना, मुख्यतः त्याने घडवली. तिने पार्लमेंटपक्षाचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याला लॉर्ड प्रोटेक्टर म्हणजे राष्ट्रप्रमुख केले, पण त्याचे हातही बांधले : तीन वर्षांतून एकदा पार्लमेंट बोलावणे भाग होते आणि हे पद वंशपरंपरेने जाणार नव्हते. १६५७ मध्ये क्रॉमवेलला राजमुकुट देऊ करण्यात आला, तेव्हा लँबर्टने कडाडून विरोध केला. क्रॉमवेलने मुकुट नाकारला. तरी त्याला प्रोटेक्टरपदी कायम ठेवणाऱ्या नव्या व्यवस्थेशी निष्ठेची शपथ न घेतल्यामुळे लँबर्टची पदे गेली. तो विंबल्डनच्या वाड्यात बागेत रमला. राजपक्षीयांनी पुढे पत्त्यांच्या एका जोडात त्याचे व्यंगचित्र काढले, तेही हातात ट्यूलिप देऊन.

क्रॉमवेलच्या मृत्यूनंतर तो परतला. ऑगस्ट १६५९ मध्ये त्याने विनिंग्टन ब्रिज येथे राजपक्षीयांचा उठाव मोडला. पण पार्लमेंटशी बिनसताच १३ ऑक्टोबरला त्याने वेस्टमिन्स्टरचे रस्ते शिपायांकरवी अडवले. सभापतीची बग्गीसुद्धा माघारी धाडली. सत्तेला कलमांनी लगाम घालू पाहणाऱ्याने स्वतः मात्र बंदुकीचा आधार घेतला. पार्लमेंटची बाजू घेणाऱ्या जनरल मंकला तोंड द्यायला तो उत्तरेकडे निघाला, पण पगार थकलेले सैन्य वाटेतच पांगले. यॉर्कशरमध्ये जुना सेनापती फेअरफॅक्सच त्याच्याविरुद्ध उभा राहिला.

मार्च १६६० मध्ये त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये कोंडण्यात आले. एप्रिलमध्ये तो दोराने उतरून निसटला आणि जुन्या सैनिकांना एजहिलला जमण्याची हाक दिली, मोजकेच आले. डॅव्हेंट्रीजवळ तो पकडला गेला. राजेशाही परत आल्यावर १६६२ मध्ये पार्लमेंटपक्षाचा पुढारी सर हेन्री व्हेन याच्याबरोबर त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. व्हेनचे शिर उडवले गेले, लँबर्टची शिक्षा जन्मठेपेवर आली. आधी गर्न्झी बेटावर आणि नंतर प्लिमथजवळच्या सेंट निकोलस बेटावर त्याला ठेवले. जवळजवळ २४ वर्षांच्या कैदेनंतर तेथेच त्याचा मृत्यू झाला.