यंत्रातील रात्रपाळी

बँकेतील आपल्या खात्यावर व्याज चढते तेव्हा कोणी कारकून दिवा लावून बसलेला नसतो. ते काम संगणकातील अदृश्य सेवक करतात. या सेवकांना कामावर कोणी लावावे आणि थांबवावे कोणी, हा प्रश्न आम्हां कामगार-चळवळीतील माणसांना परका नाही.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६३ साली आयबीएम ७०९४ हा एकच संगणक अनेकजण वाटून वापरीत. सर्वांचे दप्तर टेपवर आपोआप उतरवून ठेवणारा एक प्रोग्राम तेथे तयार झाला. अशा प्रोग्रामला ‘डीमन’ म्हणू लागले. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल याने एकोणिसाव्या शतकात, दाराशी बसून अखंड रेणू निवडणारा एक सूक्ष्म जीव कल्पिला होता. त्यावरून हे नाव आले.

पुढे घड्याळ आले. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील ‘क्रॉन’ हा सेवक दर मिनिटाला जागा होऊन आपला तक्ता तपाशी. मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे पाच रकाने आणि त्यापुढे हुकूम. ‘३० २ * * १’ असे लिहिले की दर सोमवारी पहाटे अडीचला काम सुरू! रात्रपाळीच्या ऑपरेटरचे पुष्कळसे काम या एका ओळीने घेतले. मात्र त्या क्षणी यंत्र बंद असेल तर ती पाळी मुकाट्याने बुडे. गिरणीचा भोंगा वाजला नाही तर सारे गिरणगाव विचारी. येथे विचारणारे कोणी नसे.

२०१० साली लिनक्सवर ‘सिस्टमडी’ आले. त्यातील ‘सिस्टमसीटीएल’ या एकाच आज्ञेने सेवक सुरू करता येतो, थांबवता येतो, त्याची हालहवाल कळते. नोंदवहीही राहते. पुढे बुडालेली पाळी भरून काढण्याची सोय झाली.

थांबवण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. ‘किल’ या आज्ञेने धाडलेला पंधरा क्रमांकाचा संकेत म्हणजे नोटीस. सेवकाला हातातले काम आवरता येते. नऊ क्रमांक म्हणजे तडकाफडकी बडतर्फी. अर्धवट लिहिलेला हिशेब तसाच राहतो.

म्हणून आमचे मागणे एवढेच की, ज्या कचेरीत असा तक्ता चालतो तेथे प्रत्येक ओळीपुढे जबाबदार माणसाचे नाव असावे आणि रात्रीची नोंद सकाळी कोणीतरी पगारी माणसाने वाचावी. चुकीचे व्याज लागलेल्या खातेदाराला उत्तर देणे यंत्राला जमणार नाही.