पंपाच्या आतल्या झडपा

शिकवायला नवे यंत्र आले, की त्याच्याबरोबर एखादे मोठे भाकीतही येते. १९१३ साली एडिसनने सांगून टाकले होते, की शाळेतली पुस्तके लवकरच मोडीत निघतील आणि चित्रपटांमुळे दहा वर्षांत शिक्षणपद्धती पार बदलेल. (चित्रपट दाखवायची यंत्रे त्याच्याच कारखान्यात तयार होत!) पुस्तके टिकली. पुढे रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांच्याबद्दलही अशाच आशा बाळगल्या गेल्या. अखेर १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क या अमेरिकन संशोधकाने माध्यमांवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन लिहिले, की माध्यम म्हणजे वाणसामान आणणारा ट्रक. ट्रक बदलला म्हणून जेवण पौष्टिक होत नाही.

मग चित्र आणि शब्द कसेही जोडले तरी चालते का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतील रिचर्ड मेयर आणि रिचर्ड अँडरसन यांनी यासाठी सायकलचा पंप निवडला. खरा पंप वर्गात आणणे सोपे, पण त्याच्या झडपा आत असतात. दांडा ओढला की दट्ट्या वर जातो, आतली झडप उघडते, बाहेरची मिटते आणि नळकांड्यात हवा शिरते. दांडा दाबला की याच्या उलट. हे सगळे त्यांनी पडद्यावर हलत्या चित्रांत दाखवले. एका गटाला चित्र चालू असतानाच निवेदन ऐकवले. दुसऱ्याला आधी निवेदन, मग चित्र. म्हणजे ट्रक तोच, मालही तोच. बदलली ती फक्त वेळ.

नंतर विचारले : दांडा बराच वेळ वरखाली केला तरी हवा येत नाही, काय बिघडले असेल? अशा प्रश्नांत पहिला गट सरस ठरला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात आणखी एक प्रयोग होता. त्यात नुसते निवेदन ऐकलेल्यांनाही ते छान आठवत होते, पण विचार करायला लावणाऱ्या प्रश्नांत ते मागे पडले. पाठ झालेला धडा आणि समजलेला धडा यांतले हे अंतर आपण उत्तरपत्रिकांत नेहमीच पाहतो.

मेयर यांचे स्पष्टीकरण असे : एका वेळी मनात थोडेच मावते, म्हणून शब्द ताजा असतानाच त्याचे चित्र समोर हवे.

२००१ साली मेयर आणि सहकाऱ्यांनी वीज कशी पडते याच्या चित्रफितीत निवेदनाचेच शब्द खाली लिहूनही दाखवले. मदत व्हायची ती उलट समज कमी झाली. वाचायला डोळे खाली वळत, तेवढ्यात वरचा ढग पुढच्या टप्प्यावर गेलेला असे.